अपघाताविना दिवस

सोमवार, ४ मार्च

लागले बाई एकदाची कामाला! सकाळी सातला हजर, दुपारी चारला सुटका. पंधरा वर्षं एका कापडाच्या दुकानात कात्री चालवली. ते दुकान बंद पडलं तेव्हा वाटलं होतं की उरलेल्या तुकड्यांसारखं आपल्यालाही गुंडाळून फळीवर टाकणार. पण या वयात नवी नोकरी मिळाली, आणि तीही कुणाच्या चिठ्ठीशिवाय.

दुकान कसलं, बारकंसं गावच आहे ते. पुढे गिऱ्हाइकांसाठी चकचकीत फरशी आणि गाणी, मागे आमच्यासाठी सिमेंट आणि कुरकुरणारे पंखे. मी मागे, गोदामात. ट्रक येतो, माल पॅलेटवर, म्हणजे फळ्या ठोकून केलेल्या लाकडी चौकटीवर, रचला जातो, आणि पॅलेट जॅक नावाच्या लोखंडी हातगाडीने तो उचलून आम्ही गोदामातल्या उतारावरून खाली दुकानाच्या दारापर्यंत नेतो. रिकामी खोकी जातात पुठ्ठ्याच्या मशीनमध्ये. हे मशीन कपाटाएवढं उंच आहे. वरून लोखंडी पाट खाली येतो आणि शंभर खोक्यांची एक गादी करून टाकतो. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तोंड उघडंच राहिलं. सगळे हसले. माझं नाव कुणी विचारलं नाही, मला सरळ ‘नवी’ म्हणायला लागले. चाळिशीत मला नवी म्हणणारं कुणीतरी भेटलं हेही काही कमी नाही.

हजेरीच्या मशीनमध्ये येता-जाता आपापलं कार्ड घालायचं, त्यावर वेळ उमटते. त्या मशीनच्या वर एक मोठी पाटी आहे: अपघाताविना दिवस, ३१८. सुपरवायझर रोज सकाळी स्वतः आकडा बदलतात. ते सारखी शिट्टी वाजवत फिरतात, म्हणून सगळे त्यांना शिट्टीसाहेब म्हणतात. त्यांनी सांगितलं की ३६५ पूर्ण झाले की तात्पुरत्या सगळ्यांना कायम करतात. एक जरी अपघात नोंदला गेला तर आकडा शून्यावर, आणि सगळे पुन्हा वर्षभर तात्पुरते.

मी तिथल्या तिथे बोटं मोजली. सत्तेचाळीस दिवस. वीस एप्रिल. कायमचं पत्र हातात आलं की इथल्या शाळेत ठकीचं नाव घालता येईल आणि तिला आणता येईल. नऊ वर्षांची पोर सहा महिने माझ्या ताईकडे आहे. फोनवर तिने मला दोनदा आकडा विचारून घेतला. आता ती ताईच्या भिंतीवर रोज एक रेघ मारणार म्हणे. ताई ओरडणार, आणि मला पोटातून हसू येतंय.

गुरुवार, ७ मार्च

अंग नुसतं ठणकतंय, पण जीव रमलाय.

आमच्या टोळीत मुख्य दोघं. एक मावशी, तीस वर्षं इथेच. दुसरा लंबू, पॅलेट जॅक चालवतो. दारातून जाताना वाकावं लागतं इतका उंच, आणि बोलका तर इतका की त्याला गप्प बसवायला हातात खोकं द्यावं लागतं. त्याची बायको रोज डब्यात चिठ्ठी टाकते. काल ‘येताना दूध’ एवढंच लिहिलं होतं, तर तेही त्याने आम्हाला भाव धरून वाचून दाखवलं.

इथे प्रत्येकाच्या अंगावर काही ना काही आहे. कुणाच्या अंगठ्यावर कटरची खूण, कुणाच्या घोट्यावर जॅकची. बारीकसारीक लागलं की खोकी बंद करायची चिकटपट्टी गुंडाळतात आणि कामाला लागतात. पुठ्ठ्याच्या मशीनला पुढे जाळीचं दार आहे. ते उघडलं की मशीन आपोआप थांबायला हवं, पण दाराच्या खटक्यावर यांनी एक लोहचुंबक बसवून टाकलाय. त्यामुळे मशीनला वाटतं की दार बंदच आहे. खोकं अडकलं की हात घालून सरळ करायचं, पाट वर जायची वाट पाहायची नाही. मला भीती वाटली. लंबू म्हणाला की दार लावत बसलं तर दुपारचा ट्रक संध्याकाळपर्यंत उतरणार नाही. संध्याकाळपर्यंत मीही दोनदा हात घातला.

मावशी दहाच्या चहाला दोन कप भरतात. एक पितात, दुसरा शिडीपाशी ठेवून देतात. मी चिडवलं, की हा काकांचा का? सगळे हसतील असं वाटलं होतं. कुणीच हसलं नाही, आणि मी माझा चहा संपवला.

शुक्रवार, १५ मार्च

आज जे झालं ते नीट लिहायचं ठरवलंय, म्हणजे मन ठिकाणावर येईल.

पावणेअकराला लंबू साबणाच्या डब्यांचं पॅलेट घेऊन उताराच्या तोंडाशी आला. जॅकचा ब्रेक आठवडाभर नीट लागत नव्हता, सगळ्यांना ठाऊक होतं. मागचं चाक घसरलं आणि सगळा भार त्याच्या पायावर आला. तो ओरडला नाही. नुसता ‘अगं आई’ म्हणाला, अगदी हळू, आणि खाली बसला.

मी धावणार, तेवढ्यात शिट्टीसाहेब ओरडले, की आधी कार्ड! कुणीच त्याच्याकडे गेलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण हजेरीच्या मशीनजवळ मी होते. मावशींनी नजरेने त्याचं कार्ड दाखवलं. मी ते काढलं, मशीनमध्ये घातलं, खट्ट झालं. बाहेर गेल्याची वेळ उमटली: १०.४२. माणूस कामावर नव्हताच, म्हणजे अपघात कामावर झालाच नाही. तीस वर्षांची रीत आहे म्हणे. पाटीचा आकडा शाबूत राहिला.

मागे वळले तर लंबू नव्हता. जमीन ओली होती, कुणीतरी पुसत होतं. मी विचारलं, तर म्हणाले की घरी गेला. त्या पायाने? सगळे साबणाचे डबे गोळा करत होते, मीही करू लागले.

शनिवार, १६ मार्च

लंबूची बायको आली होती. तो घरी पोचलेला नाही.

शिट्टीसाहेबांनी तिला फार प्रेमाने बसवलं, पाणी दिलं आणि कार्ड दाखवलं. १०.४२ला गेलाय, बघा. ती कार्डाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, की ताई, तुम्ही पाहिलंत का त्याला जाताना?

मी हो म्हणाले.

का म्हणाले ते मला नीट माहीत आहे. पाटीवर ३३० होतं.

बुधवार, २० मार्च

लंबू गोदामातच आहे.

पुठ्ठ्याच्या मशीनमागे, उलट्या टाकलेल्या क्रेटवर बसलेला. पाय पुढे पसरलेला. मी खोकी घेऊन गेले तर त्याने मान वर केली आणि विचारलं, की माझं कार्ड परत आत घातलंस का? अगदी साध्या आवाजात, उसनी वाटी परत मागावी तसं. माझ्या हातातली खोकी पडली. तेवढ्यात दुसरा एक जण आला, लंबूच्या पसरलेल्या पायातून आरपार चालत गेला आणि मलाच विचारू लागला, की काय गं, चक्कर आली का?

दिवसभरात त्याने चार वेळा विचारलं. तो रागावलेला नाही. तेच सहन होत नाही मला.

शुक्रवार, २२ मार्च

मावशींना गाठलं. आधी त्या नाहीच म्हणत राहिल्या. मग शिडीपाशी ठेवलेल्या कपाकडे बघून बोलल्या.

अकरा वर्षांपूर्वी एक पोरगी त्या शिडीवरून पडली. कार्ड मावशींनी पंच केलं. ज्याच्या हाताने कार्ड बाहेर जातं त्यालाच तो माणूस दिसत राहतो, आणि तोच ते परत आत घालून त्याला परत आणू शकतो. इथे जुन्यांपैकी प्रत्येकाचा एकेक आहे. शिट्टीसाहेबांचे तीन. म्हणून ते सारखी शिट्टी वाजवतात, ऐकू येऊ नये म्हणून.

मी विचारलं, की मग परत का नाही घातलंत? त्या म्हणाल्या की घातलं असतं तर पाटी शून्यावर आली असती, आणि त्या वर्षी त्यांच्या मुलाचं नाव कायम होणाऱ्यांत होतं. वर्ष पूर्ण झालं की वर्षभराची कार्डं पुठ्ठ्याच्या मशीनमध्ये घालून दाबून टाकतात. मग परत घालायला काही उरत नाही. त्यानंतर ती पोरगी विचारायची थांबली. आता नुसती उभी असते. मावशी म्हणाल्या की विचारत होती तेच बरं होतं.

म्हणजे लंबूकडे वीस एप्रिलपर्यंत वेळ आहे. आणि माझ्याकडेही.

सोमवार, १ एप्रिल

ताईचा फोन. ठकीने बॅग भरून दारात ठेवलीय, त्यामुळे घरातले सगळे बॅगेला अडखळतात. ताईचे गुडघे बोलायला लागलेत, तिला आता पोरीमागे धावणं होत नाही. शाळेने सांगितलंय की आईच्या कायम नोकरीचं पत्र आणा, एक जागा राखून ठेवतो. मी विचारलं, की पत्र उशिरा मिळालं तर? ताई म्हणाली, की असं अभद्र कशाला बोलतेस.

लंबू आज सात वेळा. त्याची बायको दुकानाच्या पुढच्या दाराशी त्याचा फोटो घेऊन उभी असते. मी मागच्या दाराने येते-जाते.

मी इतकी वाईट बाई आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

मंगळवार, ९ एप्रिल

आज ठरवून गेले. जेवायच्या सुट्टीत हजेरीच्या मशीनपाशी कुणी नव्हतं. लंबूचं कार्ड काढलं. मशीनच्या फटीत अर्धं घातलं होतं. खट्ट व्हायला फक्त एक धक्का.

वर पाटी होती, ३५४. अकरा दिवस. मला ठकीची बॅग दिसली.

कार्ड पुन्हा जागेवर ठेवलं. मागे लंबू उभा होता. त्या पायावर उभा! त्याने सगळं पाहिलं होतं. मी काहीतरी पुटपुटले, की उद्या नक्की. आज पहिल्यांदाच त्याने काही विचारलं नाही.

शनिवार, १३ एप्रिल

डाव्या हाताने लिहितेय. अक्षर वाचता येईल का कोण जाणे.

बुधवारी खोकं अडकलं. मी हात घातला. रोज घालते तसाच. दार उघडं, चुंबक जागेवर. पाट खाली आला. बटणाजवळ लंबू होता. त्याने दाबलं असं मी म्हणत नाही. मी पाहिलं नाही.

दुखलं की नाही आठवत नाही. आठवतं ते एवढंच की शिट्टीसाहेब ओरडले, आधी कार्ड. आणि मी जमिनीवरून मावशींचे पाय पाहिले, चालत जाताना. माझ्याकडे नाही. मशीनकडे.

खट्ट.

मग सगळे कामाला लागले.

उजवा हात मनगटापर्यंत आहे. रक्त नाही. भूक नाही. शटरपर्यंत चालत जाते, बाहेर पाऊल टाकते, की पुन्हा पुठ्ठ्याच्या मशीनपाशी असते. वीस वेळा करून पाहिलं.

सोमवार, १५ एप्रिल

आता सगळे दिसतात. अकरा-बारा जण आहेत. शिडीपाशी ती पोरगी. किती लहान आहे! माल गार ठेवायच्या खोलीच्या दाराशी एक म्हातारा, दोन्ही पंजे गुंडाळलेले. जुने काही विचारत नाहीत. नुसते उभे.

ताईला फोन लावला. ती हॅलो हॅलो म्हणत राहिली. मागून ठकी विचारत होती, की आई आहे का, आई आहे का. मी ओरडले. ताईने फोन ठेवला.

मावशी आता तीन कप भरतात. तिसरा माझा. मी हात जोडले. म्हणजे, जोडायला गेले. म्हटलं, माझं कार्ड आत घाला. मावशींना ऐकू जातं, मला ठाऊक आहे, डोळे भरून आले त्यांचे. पण त्यांची सून यंदा तात्पुरत्यांत आहे. पाच दिवस राहिलेत.

त्यांना शिव्या द्यायला तोंड नाही माझ्याकडे.

गुरुवार, १८ एप्रिल

आम्ही वस्तू हलवू शकतो. केसभर. सगळ्यांनी मिळून रेटलं तर बोटभर.

लंबू म्हणाला की एकच वाट आहे. अपघात असा हवा की जो लपवता येणार नाही. ज्याला लागेल त्याचं कार्डच नको. बाहेरचा माणूस. मग पाटी शून्यावर. मग वाचवायला काहीच उरत नाही, मग हेच लोक घाबरून आपली कार्डं आत घालतील. तुझं, माझं.

शनिवारी समारंभ आहे. ३६५. कामगारांची बायकामुलं येणार, गोदामात खुर्च्या मांडणार, उताराच्या खाली. वर रंगाच्या डब्यांचं पॅलेट उभं आहे, त्याच नादुरुस्त जॅकवर. आम्ही ब्रेक सैल करतोय. कालपासून.

समारंभ झाला की लगेच कार्डं दाबणार. त्याच्या आधीच व्हायला हवं.

लंबूने विचारलं, तू आहेस ना?

कुणाचं तरी मूल असेल तिथे. मला ते कळत होतं. तरी म्हटलं –

हो म्हटलं. मला माझी पोर हवी आहे.

शुक्रवार, १९ एप्रिल

ब्रेक सुटला. आता फक्त आम्हीच धरून आहोत. सोडलं की झालं.

३६४.

शनिवार, २० एप्रिल

खुर्च्या मांडल्या. फुगे. शिट्टीसाहेब शिट्टी वाजवत नाहीयेत आज, नवा शर्ट घातलाय. कार्डांचा गठ्ठा बांधून पुठ्ठ्याच्या मशीनवर ठेवलाय. मावशी कोपऱ्यात, वर बघत नाहीत.

आम्ही वर, पॅलेटला पाठ लावून. बारा जण. ती शिडीवाली पोरगीपण. लंबू तीनपर्यंत मोजणार.

माणसं येताहेत. लंबूची बायको फोटो घेऊन आत आलीय. त्याने पाहिलं. थांबला. मागच्या रांगेत बसली ती, कडेला. तिच्यावर येणार नाही म्हणाला. पुढच्या रांगेवर येईल. पुढे मुलंच आहेत. बसू देत.

बॅग. ती लाल बॅग मला –

ताई आलीय. माझा फोन लागत नाही म्हणून आलीय. गुडघ्यांवर हात ठेवून चालतेय. शिट्टीसाहेब तिला माझं कार्ड दाखवताहेत, ३.१७ला गेलीय बघा. ताई मान हलवतेय, नाही नाही. ठकी कुठे आहे. आत्ता तर तिच्याजवळ –

पहिल्या रांगेत. पाय हलवत बसलीय. दाराकडे बघतेय, मी येईन म्हणून.

लंबूला म्हटलं थांब. तो म्हणाला, कुणाचं तरी असणारच होतं ना.

मोजायला लागला. एक.

ताई, तिला उठव! मावशी, तुम्हाला ऐकू जातंय, तिला उचला, मावशी – मावशींनी कान झाकून घेतले –

दोन.

पाठ लावलीय. ढकलतेय वर. बाकीच्यांनी सोडलं. शिडीवाली पोरगी वळली, माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, तिनेही खांदा लावला. दोघीच. घसरतंय. एक हात आहे मला आणि त्यात पेन. वही टाकते. ठकी, उठ, बाळा, तिथून उ